बसलेला दादा, उभा मी

जिवंत माणसाला समोर खुर्चीवर बसवून, त्याच्याच फोटोला हार घालून, दोन मिनिटं मौन पाळणारं गाव तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. माझं माहेर आहे ते. तिरोड्याकडून बोदलकशाला जाताना लागतं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की तिथले लोक म्हणतील, पोरीनं गावाची अब्रू काढली. अब्रू! तुमची अब्रू तुम्हीच मंडईच्या जत्रेत स्टेजवर टांगली होती, भिंतीएवढी मोठी आणि रंगीत. मी फक्त काय झालं ते सांगते आहे.

आधी फोटोचं सांगते.

आमच्या घरी समोरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली एक जुना फोटो आहे. गोंदियाच्या एका स्टुडिओत काढलेला. वर्दीतली दोन जवान पोरं. खुर्चीवर बसलेले ते माझे मोठेबाबा, म्हणजे बाबाचे मोठे भाऊ. मागे उभा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, तो माझा बाबा. नाक एक, कान एक, ओठावरची मिशीची रेघसुद्धा एक. दोघांना मिळून सुट्टी एकदाच मिळाली, मंडईच्या दिवसांत. गाडीतून उतरले तसे घरी न येता आधी स्टुडिओत गेले. खुर्ची एकच होती. मोठेबाबा म्हणाले, "मोठा मी आहो, बसीन मी." हे सांगताना बाबा दर वेळी हसायचा आणि दर वेळी शेवटी म्हणायचा, "बसलेला दादा, उभा मी." येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्याला, फोटोबद्दल विचारो न विचारो, हे वाक्य ऐकूनच जावं लागे.

फौजेत बाबाला मोठेबाबांनीच नेलं. ते आधी भरती झाले होते. धाकट्याचं वजन भरत नव्हतं. मग भरतीच्या सकाळी त्यांनी बाबाला केळी चारली, चारली, आणि वरून लोटाभर पाणी पाजलं. बाबाला उलटी यायला लागली तर म्हणाले, "गीळ गुपचाप. काट्यावरून उतरल्यावर ओक." बाबा भरती झाला आणि मैदानाच्या बाहेर येऊन ओकला. आमच्या घरात देशसेवा अशी सुरू झाली. भाषणात सांगतात तशी नाही.

मग मोठेबाबा गेले. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. बर्फातल्या ठाण्यावर ड्युटी होती, तिथं ताप आला, छातीत पाणी झालं, आणि खाली दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला. बाबा तेव्हा दुसरीकडे होता. त्याला कळेपर्यंत तिकडेच सगळं आटोपलं होतं. घरी आली ती एक काळी पेटी. ती घेऊन बाबा गावात उतरला तेव्हा लोक गोळा झाले. पहिला प्रश्न काय विचारावा?

"गोळी लागली का?"

"नाई," बाबा म्हणाला. "ताप आला."

"मंग?"

हा "मंग?" माझ्या बापानं जन्मभर ऐकला. ताप आला, मंग? दवाखान्यात मेला, मंग? मंग त्याचा कायचा दगड, कायचं नाव? जणू बर्फात तो पाहुणचाराला गेला होता! जणू मोठेबाबांनी गावाला फसवलं, गोळी खातो म्हणून गेले आणि ताप खाऊन मेले. आता लिहितानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि घरातही त्यांना काही मिळालं नाही, ते त्या फोटोमुळे. मोठेबाबांचा दुसरा फोटोच नाही. असलेल्या एका फोटोत बाबा उभा. हार घालायचा कसा? जित्या माणसाच्या फोटोला कोणी हार घालतं का? आम्ही शकुन-अपशकुन मानणारी माणसं नाही, दर पौर्णिमेला विहारात जातो, घरात लिंबू-मिरची कधी टांगली नाही. पण हार म्हटला की आई फोटोच्या आडवी व्हायची. मेणबत्तीसुद्धा फोटोपासून दोन हात लांब लावायची. बाबा तिची चेष्टा करायचा. "दादाले हार घालाचा तं पयले मले मरा लागते," असं म्हणून हसायचा. आई नंतर गेली, पण हार नाही तो नाहीच. बाबालाही तो घालवला नाही.

बाबाच्या मनात एकच होतं. एकदा, फक्त एकदा, दादाचा फोटो गावासमोर लागावा आणि गावानं उठून उभं राहावं. बाकी त्याला काही नको होतं. पेन्शन येत होती, धानाची जमीन होती, चहाच्या टपरीवर सकाळची बैठक होती. भूक होती ती एवढीच.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, शिंगाड्याचे ढीग लागतात, दिवसा दंडारीचा नाच-सोंग आणि रात्री नाटक. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडळानं मंडईच्या स्टेजवर फौजींचा सत्कार सुरू केला. देशभक्तीची लाट आली होती ना, मग आमचं गाव कसं मागे राहील! पहिल्या वर्षी बाबाला बोलावणं आलं. बाबा म्हणाला, "पयले दादाचा फोटो. मंग मी येतो."

मंडळाचा सचिव म्हणाला, "काका, पण ते तं आजारानं गेले ना?"

बाबा तिथून उठून घरी आला. दुसऱ्या वर्षी परत तेच, तिसऱ्या वर्षी परत तेच. गावातले दोघंतिघं माजी फौजी शाल घेऊन आले, बाबा गेला नाही. लोक म्हणायला लागले, म्हातारा ताठ आहे. ताठ! आमच्या मोहल्ल्यातल्या माणसानं काही मागितलं की तो ताठ होतो, हे मी लहानपणापासून पाहते आहे.

मग परवाच्या वर्षी चमत्कार झाला. सचिव आपल्या पायानं आमच्या मोहल्ल्यात आला. कशासाठी? मंडईला कोणी मोठा पाहुणा येणार होता, त्याला शहिदांना हार घालायचा होता, आणि गावाकडे शहीद नव्हता. कुठून आणणार? तेव्हा आठवले मोठेबाबा. इतकी वर्षं ताप होता तो एका रात्रीत वीरमरण झाला. मी असते तर त्याला उंबऱ्यावरून परत पाठवला असता. पण मी गोंदियात होते, सासरी, माझ्या मशिनीवर ब्लाउज शिवत. आणि बाबाला राग येण्याऐवजी आनंद झाला. त्यानं सचिवाला चहा पाजला. फोटो भिंतीवरून काढून सदऱ्याच्या बाहीनं पुसला, सचिवाच्या मोबाइलसमोर धरला आणि बजावून सांगितलं, "बसलेला दादा, उभा मी. दादाले घ्या."

"हो काका, समजलं," सचिव म्हणाला.

मी मंडईच्या आदल्या दिवशी माहेरी पोचले. बाबानं पेटीतून मेडलं काढून चिंचेनं घासून ठेवली होती. सकाळी मी ती त्याच्या सदऱ्यावर टाचली, एका रेषेत, टेप लावून. माझं कामच आहे ते. आरशात पाहून बाबा म्हणाला, "आज दादा येते मंडईले."

मी त्याची कॉलर उगाच पुन्हा सरळ केली. बोलले असते तर रडले असते.

मांडवात आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. पाहुणा नेहमीप्रमाणे उशिरा आला. तोवर ऊन डोक्यावर आलं, दंडारवाले पोशाख घालून ताटकळत बसले, शिंगाडेवाल्या बायांनी टोपल्यांवर ओली फडकी टाकली. बाबानं पाठ खुर्चीला टेकवली नाही. पाहुणा आला, फटाके फुटले, निवेदकानं माइकवर देशाच्या सगळ्या सीमा फिरवून आणल्या, आणि मग स्टेजवरचा पडदा बाजूला सरकला.

मागे भलं मोठं फ्लेक्स होतं. तिरंगा, कबुतरं, विमानं, आणि मधोमध माझा बाबा.

बाबा! तरणा, वर्दीतला, उभा. खाली मोठेबाबांचं नाव, त्याच्या आधी "शहीद वीर जवान". फोटोतली खुर्ची गायब. खुर्चीत बसलेला माणूस गायब. ज्या खांद्यावर बाबाचा हात होता तो खांदा कापला होता, आणि त्यासोबत हातही मनगटापासून कापला होता. तिरंग्यावर माझ्या बापाचा थोटा हात.

बाबानं मान थोडी तिरपी केली. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "हा तं मी आहो."

चूक आपलीच झाली असावी, अशा आवाजात म्हणाला. तो आवाज मी विसरू शकत नाही.

आणि गावाला कळलं नाही का? न कळायला काय झालं! मागून खुसखुस ऐकू आली. कोणीतरी म्हणालं, "अबे, हा तं आपला काका हाय." दुसरा हसला. रोज सकाळी टपरीवर ज्याच्यासोबत चहा प्यायचे त्याचा फोटो ते स्टेजवर पाहत होते आणि एकालाही उठून "थांबा" म्हणावंसं वाटलं नाही. पाहुण्याला घाई होती. पाहुण्यानं हार उचलला आणि बाबाच्या गळ्यात, म्हणजे फोटोतल्या बाबाच्या गळ्यात घातला. आईनं जन्मभर जो हार आडवं होऊन अडवला, तो एका अनोळखी माणसानं घाईघाईत घालून टाकला. मी ताडकन उठले. तेवढ्यात निवेदक म्हणाला, "श्रद्धांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं मौन पाळून उभं राहावं."

बाबानं माझं मनगट धरलं आणि तो उभा राहिला. फौजी माणूस. मौन म्हटलं की उभा राहणारच. टाचा जुळवून, हात सरळ, हनुवटी वर, डोळे मिटून. समोर त्याचाच हार घातलेला फोटो, आणि त्या फोटोसाठी हा सावधान! मी दातओठ खात शेजारी उभी होते. त्याची मेडलं हलत होती. छाती जोरात वरखाली होत होती म्हणून.

मौन संपलं. खुर्च्या करकरल्या, सगळे बसले. बाबा बसला नाही.

"काका, बसा," सचिव स्टेजवरून म्हणाला.

"नाई बसत."

"काका, झालं मौन."

"हे मायं झालं," बाबा म्हणाला. माइक नव्हता, पण मांडवभर ऐकू गेलं. "मी जिता आहो. मायं मौन करून टाकलं तुमी. आता दादाचं करा."

पाहुण्यानं शेजाऱ्याला विचारलं, "क्या बोल रहे हैं ये?" शेजाऱ्यानं कानात काही सांगितलं. पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. सचिव पायऱ्या उतरून धावत खाली आला, घामाघूम.

"काका, चुकीनं झालं. पण आता तेंचा फोटो नाई ना इथं."

"फोटो कायले पाह्यजे?" बाबा म्हणाला. "मौन डोळे मिटूनच करतेत ना?"

सचिव माझ्याकडे वळला. दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, समजवा ना बाबाले. अन् उलट चांगलंच झालं, अशी खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते म्हणतेत."

त्याच्या नशिबानं माझ्या हातात काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "तुझ्या बापाचं वाढव ना मग. लाव त्याचा फोटो."

पाहुणा उठला. त्याला पुढच्या गावी जायचं होतं, तिथं दुसरी मंडई, दुसरे हार. तो निघाला तसं मंडळ त्याच्या मागे निघालं, आणि पहिली रांग बघता बघता रिकामी झाली. गाड्यांचे दरवाजे धाडधाड लागले. बाबा तसाच उभा. मग त्यानं मान मागे वळवली, जमिनीवर बसलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि आपल्या म्हाताऱ्या फाटक्या आवाजात ओरडला, "सावधान!"

खोटं कशाला सांगू, सगळं गाव उठलं नाही. दंडारवाले उठले, घुंगरांचा आवाज झाला. शिंगाडेवाल्या दोन बाया उठल्या. आमच्या मोहल्ल्यातले उठले. काही लोक अर्धे उठून इकडेतिकडे पाहत परत बसले, कोणाच्या बाजूनं उठणं बरं ते त्यांना ठरवता येईना. बाबानं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मी डोळे सताड उघडे ठेवून एकेक बसलेला चेहरा पाहून घेतला. ते सगळे मला पाठ आहेत. बाजारात भेटले की हसतात, "ताई, कधी आल्या?" विचारतात. मी उत्तर देत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गोंदियातल्या त्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. म्हटलं, हे कोणी कापलं? तो म्हणाला, "दीदी, मुझे तो बोले फौजी का फोटो बनाओ. बैठे वाले का आधा कुर्सी में जा रहा था. खड़ा वाला फुल दिख रहा था." झालं! एवढंच कारण. माझ्या मोठेबाबांना गावासमोर येता आलं नाही, कारण ते बसले होते. आम्ही शिवणकामवाले कापड कापायच्या आधी दहादा विचारतो, बाई, गळा कुठून, उंची किती. एकदा कात्री चालली की चालली. सचिवानं ह्याला एक वाक्य सांगायचं होतं, चार शब्दांचं. बाबानं त्याला ते तोंडपाठ करून दिलं होतं.

ते फ्लेक्स बाबानं घरी आणलं. मागून आणलं, हक्कानं. मला वाटलं जाळेल. त्यानं काय करावं? त्या साली मंडईनंतर अवकाळी पाऊस आला, धान कापून शेतात भाऱ्यांचे ढीग, पुंजणे रचलेले, आणि बाबानं ते फ्लेक्स पुंजण्यावर ताणून बांधलं. तोंड वर! मी शेतात गेले तर माझा बाप वर्दी घालून आभाळाकडे पाहत पुंजण्यावर झोपलेला.

"बाबा, निदान पालथं तरी घाल," मी ओरडले.

"राहू दे," तो म्हणाला. "तोंडावर पानी पडलं का समजते, जिता आहो का नाई." आणि स्वतःच हसला. मग त्या कापलेल्या मनगटावर साचलेलं पाणी त्यानं तळहातानं निपटून काढलं.

पुढच्या मंडईला मंडळानं त्याला बोलावलं नाही. वाद नको म्हणून, असं ऐकलं. मोठेबाबांच्या फोटोचा तर विषयच संपला.

यंदा उन्हाळ्यात बाबा गेला. झोपेतच गेला. फार दुखणं नाही, दवाखाना नाही. मला माझा बाप फार आवडत होता, हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आमच्यात असं सांगत नाहीत. त्याला नेऊन आल्यावर मी हार आणायला लावला, झेंडूचा, मोठा, अख्ख्या फ्रेमला पुरेल असा. स्टुलावर चढून स्वतः घातला. एकच हार, दोघांवरून. मोठेबाबांना पहिला हार मिळाला तो असा, आणि बाबा हसत हसत जे म्हणायचा ते अक्षरशः खरं करून गेला. मी स्टुलावरच रडले, तशीच उभ्याउभ्या.

तिसऱ्या दिवशी सचिव आला. डोक्यावर रुमाल, चेहरा लांब. दारात चपला काढून म्हणाला, "ताई, गावाचं मोठं नुकसान झालं. मंडळातर्फे चौकात श्रद्धांजलीचं फ्लेक्स लावतो. काकांचा वर्दीतला फोटो पाह्यजे."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यानं मोबाइल काढला, जवळ गेला, दोन बोटांनी हार जरा बाजूला केला आणि निरखून पाहू लागला. माझा बाप ह्या माणसानं रोज पाहिलेला. टपरीवर त्याच्या शेजारी बसलेला. त्याला भर मंडईत जितेपणी मारलेला.

तो माझ्याकडे वळला आणि विचारलं, "ताई, ह्यातले काका कोणते? बसलेले का उभे?"

घरात पाहुणे होते, मोहल्ल्यातल्या बाया होत्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहायला लागल्या. त्यांना वाटलं, आता ही ह्याला चपलेनं मारते. मलाही तसंच वाटलं होतं.

मी त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि दिवाणावर ठेवला.

"डोळे मीट," मी म्हटलं.

"ताई?"

"मीट म्हटलं ना! आधी बसलेल्यासाठी, मग उभ्यासाठी. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

त्यानं खरंच मिटले. हात जोडून, मान खाली घालून तो माझ्या बापासमोर आणि मोठेबाबांसमोर उभा राहिला. बायाही उठून उभ्या झाल्या. मी आत निघून गेले, आणि पुष्कळ वेळ बाहेर आले नाही.